आणखी दोन वर्षे इथेच

ऐझॉल, मिझोराम

तीर्थरूप आई आणि बाबांस,
सप्रेम सलाम.

हे फोनवर सांगता आले असते. पण फोनवर बाबा "बरं, ठीक आहे" म्हणून विषय मिटवतात आणि आई रात्रभर जागी राहते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. इथल्या रुग्णालयाशी असलेला माझा करार मी आणखी दोन वर्षांसाठी वाढवला आहे आणि नगरच्या जागेसाठी नकार कळवला आहे. आधी विचारले असते तर तुम्ही "तुझ्या मनाप्रमाणे कर" असेच म्हणाला असता, आणि तुमचा तो सूर ऐकून मी निमूटपणे परत आले असते, हे मला पक्के ठाऊक होते. पगारासाठी थांबले नाही. पगार नगरला जास्तच होता. माणसांसाठी थांबले म्हणावे, तर माझी माणसे नगरलाच आहेत. तरीही मी का थांबते आहे ते नीट सांगायला हवे.

आई, आपल्याकडे कापणीच्या सणाला बाजरीची पोती, भोपळे आणि कोंबड्या देवळात येतात, लिलाव होतो, आणि दरवर्षी त्याच डांगरावर दोन मावश्यांची चुरस लागते. इथे कापणीचा सण रोज, प्रत्येक चुलीवर होतो. तांदूळ शिजायला टाकण्यापूर्वी घरची बाई त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात काढते. याला बुहफाय थाम म्हणतात. प्रेस्बिटेरियन चर्चमधल्या, म्हणजे इथल्या ख्रिस्ती मंडळीतल्या स्त्रियांनी १९१० मध्ये हे सुरू केले, तेव्हा त्यांच्या हातात रोख पैसा जवळजवळ नव्हताच. साठलेला तांदूळ महिला मंडळ गोळा करते, तो विकला जातो आणि मंडळीच्या सेवाकार्याला लागतो. आज या मुठी वर्षाला कोट्यवधी रुपयांच्या घरात जातात. आकडा मोठा आहे खरा. पण घरात पाहुणे असोत, आजारपण असो, महिनाअखेर असो, ती मूठ चुकत नाही, याचे मला जास्त अप्रूप वाटते.

ही मूठ भरल्या कोठारातून आलेली नाही. इथले बांबू साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदाच फुलतात, ते बी खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि मग शेतेच्या शेते फस्त करतात. याला इथे मौताम म्हणतात. १९११-१२ च्या मौतामात इथली मंडळी अगदी कोवळी होती आणि मिशनऱ्यांनी केलेल्या मदतीवर अनेकांनी दिवस काढले. १९५९ च्या मौतामाची उपासमार तर पुढे इथले राजकारणच बदलून गेली. एकेकाळी ज्यांच्या पानात दुसऱ्यांनी वाढले, त्यांनीच पुढे वाढायला घेतले, हे मी इथे पाहते आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि तिथले चिन जमातीचे लोक सीमेवरची तिआऊ नदी ओलांडून इथल्या चंफाय जिल्ह्याच्या बाजूने येऊ लागले. त्यांना येऊ देऊ नये अशी केंद्राची सूचना होती. राज्याने आणि गावांनी दार लावले नाही. मंडळ्यांनी सभागृहे उघडली, गावातल्या तरुणांनी बांबूच्या झोपड्या उभारल्या, घराघरांतून तांदूळ, भांडी आणि ब्लँकेटे निघाली. तीस हजारांहून अधिक माणसे अशी सामावली गेली. मे २०२३ मध्ये मणिपूर पेटले तेव्हा तिथून आणखी बारा हजारांवर माणसे, मुख्यतः कुकी जमातींची, आली आणि मुलांना इथल्या शाळांत घेतले गेले. पुढच्या वर्षी, मे महिन्यात, वादळी पावसात शहराच्या दक्षिणेला दगडाची खाण कोसळली, तेव्हा मातीत शोध घेणाऱ्यांत यंग मिझो असोसिएशनची साधी पोरे होती. १९३५ पासूनची ही संघटना मंडळीची नव्हे, पण मंडळीच्याच अंगणात वाढलेली. कुणाच्या घरी मृत्यू झाला तर कबर खणायला हीच पोरे जातात आणि रात्री त्या घरी गाणी म्हणत बसतात, म्हणजे घरच्यांना एकटे वाटू नये. बाबा, आपल्याकडेही लोक येतात. पण बहुतेक चहा घेऊन जातात.

सगळेच गोड आहे असे मी म्हणणार नाही, कारण तुम्ही लगेच ओळखाल. चिन आणि कुकी हे मिझोंचे भाऊबंद. त्यांच्यासाठी मन मोठे करणे तुलनेने सोपे होते. याच राज्यातून १९९७ मध्ये ब्रू या अल्पसंख्याक जमातीच्या हजारो कुटुंबांना जीव मुठीत घेऊन त्रिपुरात जावे लागले आणि ती वर्षानुवर्षे छावण्यांत राहिली. त्या काळाविषयी इथे फारसे बोलले जात नाही. आपल्यापैकी नसलेल्याला कसे वागवले, तिथेच मंडळीची परीक्षा असते, असे तुम्हीच म्हणायचात आणि जामखेडचे उदाहरण द्यायचात. तिथल्या डॉक्टर आरोळे दांपत्याने १९७० पासून ज्या अक्षरओळख नसलेल्या बायांना आरोग्याचे काम शिकवले, त्यांच्या हाताखाली गावातली बाळंतपणे जातपात न विचारता होऊ लागली. ते मी विसरलेले नाही.

पणजीचेही विसरलेले नाही. दुष्काळात पंडिता रमाबाईंनी केडगावला आणलेल्या मुलींपैकी ती एक. पोटभर जेवली, छापखान्यात छपाईचे खिळे जुळवायला शिकली, आणि आयुष्यभर "भाकरीसाठी बाटली" हे ऐकत राहिली. बाबा, त्या टोमण्याचा डंख तुमच्या मनात अजून आहे, म्हणूनच तुम्ही कुणाकडून काही घेत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर मंडळीने कपडे गोळा केले, तेव्हा बटण तुटलेला एकही सदरा गठ्ठ्यात जाता कामा नये, असा तुमचा हुकूम होता. आई रात्री उशिरापर्यंत बटणे लावत होती आणि मी डब्यातून सारखी बटणे शोधून देत होते. झोप आल्यावर तिथेच कपड्यांच्या ढिगावर आडवी झाले, ते तुम्ही उचलून नेलेत. मला अजूनही इथे थंडीत ते आठवले की बरे वाटते.

माझी काळजी करू नका. खोली कोरडी आहे, हीटर आहे, शेजारची काकू रोज उकडलेली भाजी आणून देते आणि मी त्यात गुपचूप आईचा कांदा-लसूण मसाला घालते. मसाला संपत आला आहे. पीठ मात्र पाठवू नका, वाटेत अळ्या होतात. नाताळला मी नक्की येते.

आता तुमच्याविषयी, आणि इथे मी ऐकून घेणार नाही. पाळकसाहेबांशी आणि महिला मंडळाशी माझे बोलणे झाले आहे. तरुण संघातला मुलगा दर तीन महिन्यांनी बाबांना साखर तपासायला नेईल. रिक्षाचे पैसे त्याच्या खिशात कोंबू नका, तो रागावतो. आईच्या गुडघ्याचे व्यायाम सुटले आहेत, हे मला कळले आहे. मावशी सकाळी येऊन ते करून घेतील. बुधवारी आणि शुक्रवारी डबा येईल. तो नाकारायचा नाही, आणि रिकामा परत द्यायचा नाही म्हणून आईने पुरणपोळ्यांचा घाटही घालायचा नाही. इतकी वर्षे तुम्ही दोघांनी मंडळीतल्या आजाऱ्यांच्या उशाशी रात्री काढल्या. बाबा, खजिनदार असताना तुम्ही कुणाचे दान परत केले होते का? मग हे का परत करता? तुम्ही कमी पडता आहात असे मला मुळीच म्हणायचे नाही. तुम्ही घेतलेत तर मला इथे हात मोकळा ठेवून काम करता येईल, एवढेच.

डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख नाताळनंतरची घ्या, म्हणजे मी सोबत असेन. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला माणूस शनिवारी येतो आहे. त्याला परत पाठवू नका.

तुमची,
मनू