ताई, त्या एका प्रश्नासाठी मनापासून थँक्यू

ताई,

साईटसाठी केलेल्या मदतीबद्दल फोनवर थँक्यू म्हणून झालंय पण ते पुरेसं वाटत नाहीये म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव टाकू नको म्हणालात म्हणून टाकत नाही, ओळखणारे ओळखतीलच.

माझी गडकिल्ल्यांची साईट 2014 पासूनची. नोकरी सांभाळून, रविवारी गड आणि सोमवारी रात्री लिखाण असं करत करत दीडशेच्या वर पानं झाली. मग गूगलवरून येणारी माणसं हळूहळू कमी व्हायला लागली आणि मी काय केलं, तर अजून नवीन लिहीत सुटलो, आठवड्याला दोन दोन पानं, वाटलं नवीन टाकलं की जुनं भरून निघेल. नाही निघालं. मग कुठेतरी ऐकलं म्हणून सगळ्या जुन्या पानांच्या तारखा आजच्या केल्या, आतला मजकूर तसाच. त्यानेही काही झालं नाही, आणि व्हायला नकोच होतं हे आता कळतंय.

शेवटी तुमच्याकडे आलो. त्या शनिवारी रात्री तुम्ही स्क्रीन शेअर करायला लावलीत आणि सर्च कन्सोल (आपली पानं गूगलच्या शोधात किती दिसतात, किती उघडली जातात ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडायला सांगितलंत. मी त्यात फक्त एकूण क्लिक बघून बंद करायचो. तुम्ही एकेक पान बघायला लावलंत, मागच्या वर्षीचे तेच तीन महिने शेजारी ठेवून (पावसाळ्याची तुलना पावसाळ्याशीच करायची, हे दोनदा सांगितलंत). कळसूबाईवर माझी तीन पानं निघाली! तिन्ही एकाच शोधासाठी एकमेकांच्या पायात पाय घालत होती, कधी हे वर कधी ते, इम्प्रेशन्स (म्हणजे शोधात नुसतं दिसणं) भरपूर आणि क्लिक जवळपास नाहीच. लोक शोधत होते कळसूबाईची उंची, पायथ्याच्या बारी गावात कसं जायचं, आणि माझं शीर्षक होतं 'ढगांच्या गावात एक दिवस'. 1646 मीटर हा आकडा थेट सातव्या परिच्छेदात.

मला वाटलं आता तुम्ही कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात ते शब्द, कुठे घालायचे ते सांगणार. तुम्ही विचारलंत, "हे वाचून कोणी उद्या पहाटे निघालं तर नीट पोचेल का?"

मी गप्प झालो ताई. कारण मला एका काकांचा मेल आठवला, मुलाला घेऊन पहिल्यांदाच ट्रेकला निघाले होते, माझ्या पानावरची गाडीची वेळ धरून कसारा स्टेशनबाहेर अंधारात थांबले आणि ती गाडी केव्हाच बंद झालेली. मी त्यांना सॉरी लिहून पाठवलं पण पानावरची वेळ बदललीच नाही, आठ महिने तशीच होती. ट्रॅफिक कमी झालं म्हणून झोप उडाली होती माझी, त्या पानामुळे कोणीतरी रस्त्यात अडकलं म्हणून उडाली नव्हती. हे तुमच्या प्रश्नाने लख्ख दिसलं.

मग कामाला लागलो. तीन पानांचं एक केलं. मी उरलेली दोन डिलीट करणार होतो, तुम्ही थांबवलंत, म्हणालात ज्या पानाला बाहेरून जास्त लिंका आल्यात त्याचा पत्ता तसाच ठेव आणि बाकीची 301 रीडायरेक्टने (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्यावर नेणारी कायमची सोय) त्यावर वळव. नाहीतर इतक्या वर्षांत लोकांनी दिलेल्या लिंका 404 वर, म्हणजे 'पान सापडत नाही' वर, जाऊन आपटल्या असत्या. आणि खुर्चीत बसून दुरुस्ती न करता बारीला परत जाऊन आलो, लोखंडी शिड्यांचे नवे फोटो काढले, गावात जेवणाची सोय कोण करतं ते विचारलं, गाडीची वेळ स्टँडवर उभं राहून लिहून घेतली आणि कधी तपासली तेही पानावर टाकलं. उंची, वाट, लागणारा वेळ सगळं वर आणलं, ढगांचं वर्णन खाली गेलं पण काढलं नाही, ते माझं आवडतं आहे.

जिल्ह्याचं नाव मला सुचलंच नसतं. 2024 ला अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण शोधताना कितीतरी लोक अजून जुनंच नाव टाईप करतात, म्हणून दोन्ही ठेवायला लावलीत. तसंच साल्हेरचं. जुलै 2025 मध्ये महाराजांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात साल्हेर आहे, आणि माझ्या पानावर त्याचा एक शब्द नव्हता! 1672 च्या लढाईवर मात्र चार परिच्छेद होते.

कळसूबाईचं पान दीड-दोन महिन्यांत गूगलच्या पहिल्या पानावर आलं. पण तुम्हाला दाखवायचं ते वेगळंच आहे, परवा एका मुलीचा मेल आला, "दादा, तुमच्या वेळेवर गाडी मिळाली, आईला घेऊन गेले होते." तो मी तीनदा वाचला.

तुम्ही एक रुपया घेतला नाहीत आणि तीन शनिवार दिलेत. आता हरिश्चंद्रगड काढलाय, पाचनईची वाट रविवारी परत चालून येतो आणि सोमवारी पान तुम्हाला पाठवतो, चुका काढाच.

तुमचा,
ठाण्याचा एक ट्रेकर