चित्राचा अर्थ आधीच सांगू नका

महोदय,

सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या ‘सैरंध्री’समोर एका शाळेची सहल थांबली होती. मुलं चित्राकडे बघायच्या आतच गुरुजींनी सांगून टाकलं : ही द्रौपदी, राणी सुदेष्णेनं तिला कीचकाकडे मद्य आणायला पाठवलंय. मुलांनी वहीत लिहून घेतलं नि रांग पुढे सरकली. माहिती अचूकच होती, पण बघायचं राहूनच गेलं.

थोड्या वेळानं यमाईचं दर्शन उरकून आलेल्या एक आजी तिथंच रेंगाळल्या. पाटी वाचायचा प्रश्नच नव्हता. सुनेला म्हणाल्या, “जायचं नाय तिच्या मनात, पण सांगणाऱ्यापुढं बोलता येत नसंल.” कीचक ठाऊक नसताना बाई नेमक्या जागी पोचल्या! सुनेला मात्र ती नुसती दमलेली वाटली. माझ्या मते तेही चूक नाही. रंगवताना रविवर्म्याच्या मनात काय होतं, एवढ्यापुरतंच चित्र बांधलेलं नसतं.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ साली हे संग्रहालय उभारलं, तेही डोंगरावर, देवीच्या वाटेवर. त्यामुळे आजही इथं भाविक सहज डोकावतात. (ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं मायलेकराचं शिल्प याच संग्रहालयात आहे, हे कित्येक सातारकरांनाच माहीत नसतं, ते वेगळं.)

शिक्षकांना विनंती एवढीच : आधी मुलांना विचारा, काय दिसतंय? कथा परतीच्या एसटीत सांगा.

– एक वाचक, सातारा