स्विच बंद, पण साडेचारशे व्होल्ट शिल्लक

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जुन्या धाटणीचा व्हॉल्व्हचा (म्हणजे काचेच्या नळ्यांचा) गिटार ॲम्प्लिफायर संच मागवून घरी कसा जुळवावा, याविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखकाने पेटीवरच्या पिवळसर कापडाचे, काचेच्या नळ्यांतल्या नारिंगी उजेडाचे आणि पहिल्या सुराच्या आनंदाचे वर्णन मनापासून केले आहे, आणि तो आनंद खोटा नाही. परंतु चित्र पाहून तारा जोडता येणाऱ्या कोणालाही हे काम एका सुटीच्या दिवसात जमेल, असे त्यात जे म्हटले आहे, त्यामुळे मी हे पत्र लिहीत आहे. माझी नोकरीची सारी वर्षे रेडिओ आणि ध्वनिक्षेपक दुरुस्त करण्यात गेली, आणि गेल्या वर्षी गिटार वाजवणाऱ्या भाच्याच्या हट्टापायी मी त्याच्यासोबत नेमका असाच एक संच रामबागेतल्या आमच्या घरी जुळवला. त्या लेखात ज्याचा उल्लेखही नाही, त्याच गोष्टीने मला त्या काळात जोरदार झटका दिला.

आमचा संच फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातील चॅम्प या लहान ॲम्प्लिफायरच्या, ५एफ१ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्किटवर बेतलेला होता. त्यात व्हॉल्व्ह तीनच: आवाज वाढवणारा १२एएक्स७, स्पीकरला ताकद पुरवणारा ६व्ही६ आणि एसीचे डीसी करणारा ५वाय३. लियो फेंडर यांनी १९३८ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले होते, हे ठाऊक असले की या सर्किटचे गूढ उरत नाही. रेडिओच्या शेवटच्या टोकाला जी ध्वनीची बाजू असते, तीच येथे गिटारच्या तोंडाशी आणून ठेवलेली आहे. इंदूरचे आकाशवाणी केंद्र १९५५ मध्ये सुरू झाले आणि मालवा हाउसमधून येणारे कार्यक्रम ज्या रेडिओंवर घरोघर ऐकले जात, त्या रेडिओंतही ईएल८४ सारखा एक व्हॉल्व्ह हेच काम करीत असे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकात रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले आणि त्यांचे ईसीसी८३ आम्ही कित्येक वर्षे वापरले. अमेरिकेत ज्याला १२एएक्स७ म्हणतात, त्याचेच हे युरोपीय नाव. तेव्हा ही विद्या परदेशी पाहुणी असल्यासारखा जो सूर लेखात लागला आहे, तो मला पटला नाही. या शहरात व्हॉल्व्हवर हात बसलेली माणसे आता थोडी उरली असली तरी अजून आहेत, आणि संच मागवणाऱ्याने आधी त्यांच्यापैकी एकाची ओळख काढावी.

पहिली अडचण खोके उघडताच आली. संचातला पॉवर ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा होता. मागणी नोंदवताना २३० व्होल्टचा पर्याय निवडायचा असतो, तो भाच्याच्या नजरेतून निसटला होता. तो ट्रान्सफॉर्मर आपल्याकडच्या प्लगला तसाच जोडला असता, तर आतली सगळी व्होल्टेजे जवळपास दुप्पट झाली असती आणि फ्यूज वेळेवर उडाला नसता तर खोलीभर धूर झाला असता. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मध्ये घालून भागवावे, असे अनेकजण सुचवतात. पण अमेरिकेतल्या ६० हर्ट्झला बेतशीर केलेल्या कोअरला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्याला, आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर त्याच व्होल्टेजला सुमारे वीस टक्के अधिक चुंबकीय भार सोसावा लागतो आणि कोअर मुळातच काटकसरीने बनवलेला असेल तर तो तापत राहतो. म्हणून मी महाराणी रोडवरून स्टॅम्पिंग (गाभ्याच्या लोखंडी पट्ट्या) आणि इनॅमलची तार आणून शहरातल्या एका वाइंडिंगवाल्याकडून नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. दर व्होल्टला चार वेढे, म्हणजे प्राथमिक, मेन्सच्या, बाजूस ९२०. दुय्यम बाजूस ३२५-०-३२५ व्होल्टसाठी (मधल्या टोकापासून दोन्हीकडे ३२५) २६००. शिवाय ५ आणि ६.३ व्होल्टचे फिलामेंटचे, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेसाठीचे, वेढे वेगळे. पहिल्या खेपेस त्याने वार्निश नीट मुरू दिले नाही, त्यामुळे स्टॅम्पिंग पत्र्याच्या डब्यासारखे गुणगुणू लागले. दुसऱ्या खेपेचा ट्रान्सफॉर्मर आजही थंड आणि मुका आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. नवा ट्रान्सफॉर्मर तपासताना आम्ही रीतसर सिरीज बोर्डावर, म्हणजे साठ वॅटचा दिवा मध्ये घालून, वीज दिली. (त्यासाठी तारेचा जुना बल्बच लागतो, एलईडी चालत नाही; आणि असा बल्ब आता शोधावा लागतो, ही एक वेगळीच गंमत.) दिवा क्षणभर उजळून मंद झाला, म्हणजे कुठे शॉर्ट नाही, हे कळले. मग दिवा काढून बाकीचे व्हॉल्व्ह न बसवता केवळ ५वाय३ बसवला आणि फिल्टर कंडेन्सरवरचे, म्हणजे डीसी सपाट करण्यासाठी वीज साठवणाऱ्या भागावरचे, व्होल्टेज मोजले. मीटरने साधारण ४७० दाखवले. कंडेन्सर एसीच्या शिखरापर्यंत भरतो, म्हणून ३२५ ला १.४१४ ने गुणले की ४६० येतात आणि भार नसल्यामुळे ट्रान्सफॉर्मर थोडे जास्तच देत होता, तेव्हा आकडा बरोबर होता. स्विच बंद केला, प्लग काढला आणि आम्ही चहाला उठलो. वीस मिनिटांनी परत येऊन सोल्डरचा एक डाग कोरडा वाटला म्हणून मी तो पुन्हा द्यायला वाकलो. डाव्या हाताचे मनगट चॅसीवर (धातूच्या सांगाड्यावर) टेकलेले होते आणि उजव्या हाताचा अंगठा कंडेन्सरच्या टोकाला लागला.

मी खुर्चीसकट मागे गेलो. खांद्यापर्यंत हात बधिर झाला होता आणि छातीत धडधड कितीतरी वेळ थांबेना. भाचा पांढराफटक पडून "मामा, प्लग तर काढलेला आहे!" एवढेच म्हणत होता. प्लग खरोखरच काढलेला होता. या सर्किटमध्ये सगळे व्हॉल्व्ह बसवलेले आणि तापलेले असतील, तर स्विच बंद केल्यावर ६व्ही६ स्वतःच कंडेन्सरमधली वीज बऱ्याच अंशी पिऊन टाकतो आणि त्यामुळे माणसाला खोटी निश्चिंती वाटू लागते. पण तपासणीसाठी व्हॉल्व्ह काढून ठेवले की ती वाट बंद होते, ५वाय३ वीज उलट जाऊ देत नाही, आणि कंडेन्सर बराच वेळ भरलेला राहतो. हे मला पाठ होते. नोकरीला लागलो तेव्हा आमचे उस्ताद चालू सेटपाशी जाणाऱ्या प्रत्येकाला एक हात खिशात घालायला लावत, म्हणजे वीज एका हातातून दुसऱ्या हातात, छातीवाटे, जाऊ नये. मी तो नियम तीस वर्षे पाळला आणि घरच्या टेबलावर, चहाच्या गप्पांत, विसरलो. मग ज्या मुलाने आजवर बॅटरीवरच्या खेळण्यांपलीकडे काही जोडलेले नाही, त्याला "सुटीच्या दिवसाचे काम" म्हणून हे हाती द्यावे, हे मला धाडसाचे वाटते.

त्या दिवसानंतर आम्ही पहिल्या फिल्टर कंडेन्सरच्या दोन टोकांत २२० किलोओहमचा, दोन वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडला. त्यामुळे साधारण सव्वा मिनिटात सगळे कंडेन्सर रिकामे होतात. मूळ नकाशात तो नाही, म्हणून "अस्सलपणा" बिघडतो असे कोणी म्हणेल, म्हणू द्यावे. तरीही तो रेझिस्टर जळून तुटू शकतो, म्हणून हात घालण्यापूर्वी मीटर लावून शून्य पाहणे सुटत नाही. पेचकसाने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करण्याची जी जुनी सवय आपल्याकडे आहे, ती मात्र सोडावी. तिने कंडेन्सरही बिघडतो आणि पेचकसही.

दुसरा धोका अर्थिंगचा. त्या काळच्या कित्येक ॲम्प्लिफायरना दोन पिनांचाच प्लग असे आणि घरघर कमी करण्यासाठी मेन्सची एक तार आणि चॅसी यांच्यामध्ये एक लहान कंडेन्सर जोडलेला असे. तो शॉर्ट झाला, की चॅसी थेट विजेवर आणि चॅसीला केबलच्या जाळीने जोडलेल्या गिटारच्या ताराही थेट विजेवर. वाजवणारा एका हाताने तारा धरून ओठ माइकला लावतो आणि माइक दुसऱ्या यंत्रावर अर्थ झालेला असतो, तेव्हा मधला दुवा तोच होतो. आजच्या चांगल्या संचांत तीन पिनांचा प्लग असतो आणि तो कंडेन्सर वगळलेला असतो, हे खरे. पण आमच्या घरातल्या सॉकेटचे तिसरे भोक तपासले, तेव्हा त्यामागे तारच नव्हती, आणि जुन्या वाड्यांतून हे नवल नाही. गणेशोत्सवाच्या मंडपात जनरेटरवर, जोडतारा गुंडाळून, दोन पिनांचे ॲडॉप्टर घालून जे वाद्यवृंद चालतात, त्यांच्याविषयी तर बोलायलाच नको. ॲम्प्लिफायर जुळवण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग पाहून घेण्याचा खर्च संचाच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक आहे.

बाकीच्या चुका जिवावर बेतणाऱ्या नव्हत्या. पहिल्यांदा तिन्ही व्हॉल्व्ह बसवून ॲम्प्लिफायर चालू केला, तेव्हा त्याने कर्कश शिट्टी मारली. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूच्या दोन तारा उलट लागल्याने २२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून मागे जाणारा आवाज मूळ आवाजाला दाबण्याऐवजी चढवत होता. तारांची अदलाबदल करताच शांतता झाली. ६व्ही६ च्या ४७० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर १९ व्होल्ट मिळाले, म्हणजे त्या व्हॉल्व्हमधून सुमारे ४० मिलिॲम्पियर प्रवाह. या सर्किटमध्ये हा व्हॉल्व्ह असाच कडक चालवतात. आणि स्पीकर न जोडता ॲम्प्लिफायर चालू करून पाहू नये, हेही लेखात यायला हवे होते, कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्यानेच जातो.

आवाजाबद्दल लेखकाचे आणि माझे फारसे भांडण नाही. केवळ "नळ्यांची ऊब" असा जो शब्द वापरला आहे, त्याऐवजी मी म्हणेन, की एकटा व्हॉल्व्ह ताण वाढला की सुराच्या शेंड्या एकदम न कापता हळूहळू दाबतो आणि त्यात दुसऱ्या पटीचा, म्हणजे वरच्या सप्तकाचा, सूर मिसळतो. शिवाय लहान ट्रान्सफॉर्मर आणि आठ इंची स्पीकर यांचाही त्यात वाटा आहे. पाच वॅट म्हणजे किरकोळ, असेही कोणी समजू नये. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात, त्यामुळे पन्नास वॅटचा ॲम्प्लिफायरही याच्या जेमतेम दुप्पटच वाटेल. भाच्याने पहिल्याच संध्याकाळी आवाजाचे बटण अर्ध्यापुढे नेले आणि शेजारच्या काकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.

लेखाचा पुढचा भाग येत्या रविवारी येणार असल्याचे आपण छापले आहे. त्यात जोडणीचे चित्र देणार असाल, तर त्याच पानावर, चित्राइतक्याच ठळक चौकटीत, तीन गोष्टी छापाव्यात, ही विनंती: ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आहे याची खात्री करावी, सॉकेटचे अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे, आणि प्लग काढल्यानंतरही फिल्टर कंडेन्सरवर मीटर लावून शून्य पाहिल्याशिवाय आत हात घालू नये. जागा कमी पडत असेल, तर कापडाच्या पेटीचे छायाचित्र लहान केले तरी चालेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रेडिओ दुरुस्तीकार
रामबाग, इंदूर