यंदा दुसरं पावतीपुस्तक कोआलांसाठी

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

गणपतीच्या वर्गणीसाठी कार्यकर्ते घरी येतील तेव्हा यंदा त्यांच्या हातात दोन पावतीपुस्तकं असतील. दुसरं कोआलांसाठी आहे, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या झाडांवर राहणाऱ्या, पोटावरच्या पिशवीत पिल्लू वाढवणाऱ्या प्राण्यांसाठी.

ब्रिस्बेनच्या दक्षिणेला ज्या वसाहतींत आपण घरं घेतली, तिथं आपल्याआधी कोआला राहत होते. ऑगस्टच्या सुमारास त्यांचा विणीचा हंगाम सुरू होतो. मग नर मादीच्या शोधात आणि वयात आलेली पिल्लं स्वतःच्या जागेच्या शोधात झाडावरून उतरून चालू लागतात. वाटेत आता रस्ते आहेत, कुंपणं आहेत, कुत्री आहेत. मागच्या वर्षी आरतीहून परतताना आपल्यातल्याच एका कुटुंबाला रस्त्याकडेला गाडीची धडक बसलेली मादी दिसली. ती गेली होती, पण तिची पिशवी हलत होती. त्यांनी बचाव पथकाला फोन केला, मदत येईपर्यंत तिथंच थांबले, म्हणून पिल्लू वाचलं.

असं पिल्लू वाढवणं तान्हं बाळ वाढवण्याइतकं नाजूक काम आहे. जन्मतः ते जेमतेम २ सेंटिमीटरचं, घेवड्याच्या दाण्याएवढं असतं. पुढचे सहा महिने पिशवीतच. सर्दी झाली की आपण रुमालावर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकतो ना, त्याच झाडांचा विषारी पाला हे त्याचं पुढं आयुष्यभराचं जेवण. तो पचवणारे जिवाणू त्याला आईच्या विष्ठेच्या मऊ लगद्यातून मिळतात. निलगिरीच्या ७००हून अधिक जाती आहेत, त्यातल्या मोजक्याच कोआलाला चालतात. स्वयंसेवक रोज ताज्या फांद्या आणतात आणि कोआला पान हुंगून खुशाल बाजूला सारतो! कांगारूला गोल्फचं मैदानही चरायला पुरतं. कोआलाला मात्र ते ठरावीक झाडच लागतं.

त्याच्या कुळात आज ही एकच जात उरली आहे. १९२७ साली क्वीन्सलँडमध्ये शिकार खुली झाली, तेव्हा कातडीसाठी ५ लाखांहून जास्त कोआला मारले गेले. २०१९-२०च्या वणव्यांत जंगलंच जळाली. फेब्रुवारी २०२२पासून क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी प्रदेशात त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे.

म्हणून प्रत्येक घरामागे निदान २५ डॉलर द्यावेत, ही विनंती. अर्धी रक्कम कोआलांना चालणाऱ्या निलगिरीची रोपं, त्यांभोवतीच्या जाळ्या आणि खुंट्यांसाठी, उरलेली पिल्लांच्या खास दूधपावडरीसाठी आणि औषधांसाठी. हिशेब सर्वांसमोर ठेवू.

पैसे जमत नसतील त्यांनी रात्री कुत्रा घरात घ्यावा. पोहण्याच्या तलावाच्या काठाला जाड दोर बांधून तो पाण्यात सोडावा, म्हणजे पडलेल्या कोआलाला धरून वर येता येतं. उन्हाळ्यात झाडाखाली पाण्याचं भांडं ठेवा. मात्र बाटलीनं त्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाऊन जीव जातो.

रोपं मार्चमध्ये, पाऊस झाल्यावर लावू. येताना पहार, हातमोजे आणि घरातली मुलं सोबत आणा.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते