वैद्यकीय संशोधन निधीचे वर्ष हंगाम पाहून ठरवा : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
नवी दिल्ली.

विषय : शासकीय निधीतून चालणाऱ्या वैद्यकीय संशोधन प्रकल्पांच्या नियमांत निधीचे वर्ष, अखर्चित रक्कम आणि किरकोळ खर्च यांबाबत दुरुस्ती करण्याविषयी.

महोदय,

मराठवाड्यातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मी जनऔषध वैद्यकशास्त्र (समाजाचे आरोग्य आणि रोगप्रतिबंध यांचे शास्त्र), म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत पीएसएम, हा विषय शिकवून निवृत्त झालो. नोकरीच्या काळात केंद्राच्या निधीतून चाललेल्या काही संशोधन प्रकल्पांचे काम मी पाहिले आणि त्यांचे हिशेबही बव्हंशी मलाच लिहावे लागले. त्या अनुभवातून हे पत्र लिहितो आहे. निधी वाढवून मागण्याचा यात हेतू नाही. मिळालेला निधी कामाच्या वेळी हाती असावा, एवढेच मागणे आहे.

जून 2025 मध्ये अर्थ मंत्रालयाने संशोधन संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले, याचे आमच्या क्षेत्रात मनापासून स्वागत झाले. संस्थाप्रमुखाला गरजेप्रमाणे जेम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलबाहेरून खरेदीची मुभा मिळाली, दरपत्रकाविना खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाखांवर गेली, खरेदी समितीमार्फत होणाऱ्या खरेदीची मर्यादा 10 लाखांवरून 25 लाखांवर गेली, आणि आपल्या अखत्यारीतील आरोग्य संशोधन विभाग व आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांचाही त्यात समावेश झाला. ज्या संशोधकाचे काम एखाद्या रसायनाच्या बाटलीवाचून महिनोन् महिने अडते, त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. मात्र आमच्याकडचे बरेचसे संशोधन प्रयोगशाळेत होत नाही. ते गावात, वाडीवर, तांड्यावर होते आणि तिथे अडचण यंत्राच्या खरेदीची नसून वेळेची असते.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यातच माझे बहुतेक म्हणणे येऊन जाते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमधील रक्तक्षयाचा अभ्यास आम्ही हाती घेतला होता. ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, की येथील लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या करून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबले, की पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गावी परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. 2019 मध्ये विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जी पाहणी आली, तीत जिल्ह्यातील 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले होते, हे आपल्या स्मरणात असेलच. या स्त्रियांच्या आरोग्याविषयी आपल्याजवळ बातम्या भरपूर आहेत; वर्षानुवर्षे मागोवा घेऊन केलेली मोजमापे मात्र फार थोडी आहेत.

आमची आखणी साधी होती. तोडीला जाण्याआधी हिमोग्लोबिन मोजायचे आणि परत आल्यावर त्याच स्त्रियांचे पुन्हा मोजायचे. नैतिकता समितीची मान्यता पावसाळ्यातच मिळाली. मंजुरीचे पत्रही वेळेवर आले. पैसे मात्र जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आले. तेव्हा गावात म्हातारी माणसे, शाळकरी पोरे आणि कुलपे लावलेली घरे उरली होती. ज्या बायकांचे रक्त तपासायचे त्या तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात, कोपीत म्हणजे पाचटाच्या खोपटात राहत होत्या. आम्ही रीतसर कळवले, की काम एप्रिलनंतर सुरू करता येईल. उत्तर आले, की 31 मार्चला अखर्चित राहिलेली रक्कम परत करावी आणि पुढील मागणी नव्याने नोंदवावी. रक्कम व्याजासह परत केली. खर्चाचे विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) पाठवले, त्यात दोनदा त्रुटी निघाल्या, आणि पुढचा हप्ता ऑगस्टअखेर हाती पडला. तोवर प्रशिक्षण दिलेल्या दोन्ही क्षेत्रसेविका पगाराची वाट पाहून दुसरीकडे नोकरीला लागल्या होत्या. नवीन माणसे नेमून त्यांना शिकवेपर्यंत टोळ्या पुन्हा निघाल्या. पहिली मोजणीच पुरती झाली नाही, त्यामुळे दुसरीला अर्थ उरला नाही. प्रकल्पाच्या मूल्यमापनात आमच्या नावापुढे ‘खर्चाची गती असमाधानकारक’ असा शेरा पडला.

मंत्रिमहोदय, ऊसतोडीतल्या मुकादमावर आम्ही नाही नाही ती टीका करतो, आणि ती योग्यच आहे. पण तोही उचल हंगामाच्या आधी देतो.

ही अडचण एकट्या ऊसतोडीची नाही. सर्पदंश पावसाळ्यात आणि खरिपाच्या कामांत वाढतो. फवारणीची विषबाधा कपाशीच्या वाढीबरोबर येते. उष्माघाताचे रुग्ण मोजायचे तर एप्रिल-मे हातचे जाऊन चालत नाही, आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांत जुने आर्थिक वर्ष मिटलेले असते व नव्याचा निधी सुटलेला नसतो. रोगाचे वर्ष पाऊसपाण्यावर आणि पिकांवर चालते, त्याला एक एप्रिलशी काही देणेघेणे नाही.

2017 च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार उपयोगिता प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यायचे असते आणि अनुदानावरील व्याज भारताच्या एकत्रित निधीत भरायचे असते. या दोन्हींविषयी माझी तक्रार नाही. पैसा जनतेचा आहे आणि त्याचा पै-पैचा हिशेब झालाच पाहिजे. तक्रार अशी आहे, की प्रकल्प तीन वर्षांसाठी मंजूर होतो आणि त्याला वागणूक मात्र एका वर्षाच्या योजनेची मिळते. सुधारित नियमांत प्रकल्पाचे वर्ष पहिला हप्ता प्रत्यक्ष खात्यात जमा झाल्याच्या दिनांकापासून मोजावे. निधी कोणत्या महिन्यात लागेल हे संशोधकाने प्रस्तावातच कारणासह लिहावे आणि ते मान्य झाले की तो महिना पाळला जावा. मंजूर मुदतीतील अखर्चित रक्कम वेगळी परवानगी न मागता पुढे वापरता यावी. आणि दोन हप्त्यांच्या मधल्या काळात निदान क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे मानधन थांबू नये.

किरकोळ खर्चाविषयीही थोडे सांगायला हवे. आयसीएमआरच्याच 2017 च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात सहभागी होणाऱ्या व्यक्तीला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देता येते. नैतिकता समिती तसे करायला सांगते आणि लेखापरीक्षक त्यावर आक्षेप नोंदवतो. ज्या बाईने अंगठा उठवून तपासणीच्या दिवसाची मजुरी घेतली, तिचा पॅन क्रमांक आम्हाला एकदा लेखी विचारण्यात आला होता. वाडीवर जाणाऱ्या जीपवाल्याकडे जीएसटीचे बिल नसते, हे आमच्या लेखाशाखेतील प्रत्येकाला ठाऊक असते, कारण तेही त्याच जीपने गावी जातात. अशा खर्चाला ठरावीक मर्यादेपर्यंत साधी सहीची किंवा अंगठ्याची पावती ग्राह्य धरावी, असे नियमांत एका वाक्यात लिहिले तरी पुष्कळ काम होईल.

केंद्राने दिलेली सवलत राज्याच्या महाविद्यालयापर्यंत पोहोचते की नाही, हाही प्रश्न आहेच. निधी केंद्राचा, अधिष्ठाता राज्याचा. महाराष्ट्रात 2023 च्या कायद्याने वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी वेगळे प्राधिकरण आले आहे. अशा वेळी कोणता नियम लावायचा हे ठरत नाही, तोवर फाईल टेबलावर राहते. केंद्राच्या संशोधन निधीला केंद्राचेच नियम लागू, असे स्पष्ट पत्र आपल्या विभागाने राज्यांना द्यावे. मराठवाड्यात 1956 मध्ये छत्रपती संभाजीनगरचे घाटी, 1974 मध्ये अंबाजोगाई आणि पुढे नांदेड व लातूर अशी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली. गेल्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोली यांची भर पडून आठही जिल्ह्यांत ती आहेत. तेथील तरुण अध्यापकांना पदोन्नतीसाठी शोधनिबंध हवे असतात, पण प्रकल्पाच्या वाटेला जाण्याचे धाडस होत नाही. मग घाईने चार तक्ते जुळवून निबंध निघतात. जालना जिल्ह्यातच जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडमध्ये राहून विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार जगापुढे आणला, हे उदाहरण आम्हाला नेहमी ऐकवले जाते. त्यांच्याविषयी मला अतिशय आदर आहे. परंतु एका माणसाची जिद्द हे शासनाचे धोरण होऊ शकत नाही.

या भागात मोठे संशोधन होऊ शकते, याचा दाखला घरचाच आहे. भूम-परंडा आणि शेजारचे बार्शी हे तालुके मिळून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये सुरू झाली. पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 52 गावसमूहांतील 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास केला. आठ वर्षांच्या मागोव्यानंतर 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणीच्या एकाच फेरीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या कामाला पैसा प्रामुख्याने एका परदेशी प्रतिष्ठानाचा होता. आठ वर्षे त्याच गावांत, त्याच स्त्रियांकडे परत परत जाण्याचे काम दर 31 मार्चला थांबवून ऑगस्टमध्ये सुरू करता आले असते का, याचा विचार आपल्या विभागाने करावा.

त्याच अभ्यासाचा दुसरा भागही लपवू नये. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील 31 हजारांहून अधिक स्त्रियांची तपासणी झाली नव्हती आणि त्यावर पुढे कठोर टीका झाली. म्हणून सवलती मागताना मी हेही मागतो, की कडकपणा जिथे हवा तिथे वाढवावा. नैतिकता समितीने मान्यता देऊन थांबू नये, गावात येऊन पाहावे. निष्कर्ष नकारात्मक असले तरी ते ठरलेल्या मुदतीत प्रसिद्ध करणे बंधनकारक असावे. ज्या गावातून रक्त नेले त्या गावाच्या ग्रामसभेत, मराठीतून, काय आढळले हे सांगितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. आमच्या वेळी ही अट नव्हती आणि आम्हीही प्रत्येक गावात परत गेलो नाही, हे कबूल करतो.

पुढील आर्थिक वर्षाची मंजुरीपत्रे निघण्यापूर्वी या सूचनांवर निर्णय झाला, तर पैसे वेळेत येतील आणि दसऱ्याला टोळ्या निघण्याआधीची मोजणी कोणा तरुण सहकाऱ्याला करता येईल. आमच्या अपुऱ्या राहिलेल्या अभ्यासातील स्त्रियांची यादी आणि प्रश्नावली मी, त्यांची संमती नव्याने घेण्याच्या अटीवर, त्याच्या स्वाधीन करायला तयार आहे.

आपला विश्वासू,
जनऔषध वैद्यकशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
मराठवाडा