‘फक्त दोन टक्के’

महोदय,

आमच्या खान्देशात कापसाचा पैसा दिवाळीच्या आसपास हाती येतो आणि आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) संपतो. मग बियाणे, शाळेची फी, लग्नाचा आहेर यांसाठी बायका गटाचे कर्ज उचलतात. मीही उचलले होते: २० हजार, महिना दोन टक्के. ऐकायला किती थोडे! पण दर महिन्याला मुद्दल फिटत असूनही व्याज वर्षभर पूर्ण रकमेवरच लागले, ४,८०० रुपये. दर महिन्याला फेडायच्या उरलेल्या मुद्दलावर मोजला तर हा दर वर्षाला ४० टक्क्यांच्या वर जातो, हे मला कॉलेजातल्या मुलीने वहीत मांडून दाखवले. त्या रात्री झोप लागली नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार छोटे कर्ज देताना कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. आमच्यासारख्यांना निम्मेही झेपत नाही. ज्येष्ठ-आषाढात घरात येते काय?

आता कापूस विकला की त्याच दिवशी वर्षाचे धान्य, बियाणे आणि फी बाजूला काढतो, उरलेले बारा महिन्यांत वाटतो. बहिणींनो, सही करण्याआधी एकूण किती फेडायचे तो आकडा मराठीत लिहून मागा. तो मागण्याचा आपला हक्क आहे.

– एक गृहिणी, अमळनेर (जि. जळगाव)