शिळा भात मागून नेणाऱ्या काकूंना

काकू,

परवा तुमची बिडाची कढई परत द्यायला वर आलो, तेव्हा बरंच काही बोलायचं ठरवून आलो होतो. दारात उभा राहिलो आणि तोंडातून निघालं एवढंच, "घासून, तेलाचा हात फिरवून आणलीय." तुम्ही "बरं" म्हणालात, कढई घेतलीत, आत कुकरची शिट्टी झाली म्हणून वळलात. मी जिना उतरलो. खाली आल्यावर बायकोनं विचारलं, "बोललात का?" मी मान हलवली. ती म्हणाली, मग लिहा.

म्हणून लिहितोय, आणि पाकिटात घालून न देता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुम्ही जे केलंत ते कुणाच्या डोळ्यांत भरण्यासारखं नव्हतं. ज्यांचं भरलं त्यांची नावं आमच्या नातलगांच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांसकट येऊन गेली. तुमचं कुठेच आलं नाही.

भाऊबीजेला बायको जुन्नरकडच्या माहेरी गेली होती. भावानं ओवाळणीबरोबर शेतातला एक अख्खा भोपळा दिला, चार किलोला थोडा कमी. तो ओट्याखाली ठेवला, आणि दहा दिवसांत तिचं मणक्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे उठायचं नाही, वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. घरात मी, सातवीतली लेक, आणि पलंगावरून छताकडे बघणारी ती. त्या दिवसांत "काही लागलं तर सांगा" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते ऐकू आलं की छातीत काहीतरी आवळायचं. सांगा म्हणजे काय सांगायचं? संध्याकाळी सात वाजता लेकीला भूक लागते हे सांगायचं? एक जवळचे नातलग दीड तास बसून गेले. चहा मी केला. जाताना म्हणाले, "पुरुषमाणसाला अवघडच असतं, एखादी बाई ठेवा." बाईसाठी पैसे कुठून आणायचे ते त्यांना विचारायचं धाडस झालं नाही. दवाखान्याचं बिल भरून नुकताच मोकळा झालो होतो. डबा लावला तर डबेवाल्यानं तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस काही न कळवता दांडी मारली आणि वर महिन्याचे पूर्ण पैसे मागितले. मला राग त्या दांडीचा नाही. राग आहे तो आठला दरवाजा उघडून जिन्याकडे बघत बसलेल्या लेकीच्या चेहऱ्याचा.

त्या दुसऱ्या रात्री मी आयुष्यात पहिल्यांदा भात लावला. तीन माणसांना तीन मोठ्या वाट्या तांदूळ घेतले आणि पाणी कमी पडलं. भात फडफडीत, शितात कणी राहिलेली. लेकीनं दोन घास खाल्ले आणि पोट भरलं म्हणाली. बायकोनं सगळा खाल्ला आणि छान झालाय म्हणाली. ते मला जास्त लागलं. उरलेलं अर्धं पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तिची चौकशी करायला आलात. मी ते पातेलं हातात घेऊन कचऱ्याच्या डब्याशी उभा होतो. तुम्ही दोन्हीकडे पाहिलंत आणि म्हणालात, "काय बाप्पा, भात फेकून राहिले का? मला द्या ना. आज फोडणीचा भात करायचा बेत आहे अन् घरात शिळा भातच नाही."

काकू, मला हे वाक्य शब्दन् शब्द पाठ आहे. चार आठवडे मी फक्त घेत होतो. सुट्ट्या साहेबांकडून, पैसे मेहुण्याकडून, सल्ले सगळ्यांकडून. त्या सकाळी पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे काही मागितलं, आणि मागितलं तेही मी केलेलं, मला ज्याची लाज वाटत होती ते. तुम्ही पातेलं पदराखाली झाकून वर नेलंत, जणू काही मौल्यवान वस्तू नेताय. मी दारात उभा राहून बघत होतो. माझ्या हातचा भात कुणाच्या तरी घरी चालला होता.

संध्याकाळी पातेलं रिकामं आलं नाही. तुमच्या विदर्भातही भांडं रिकामं परत करत नाहीत हे तेव्हा कळलं. आत तोच भात होता, पण ओळखू न येणारा. मोहरी, हिंग, हळद, शेंगदाणे, कढीपत्ता, वरून लिंबू. कच्ची कणी कुठे गेली विचारलं, तर म्हणालात, फोडणीत घालायच्या आधी गरम पाण्याचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून वाफ आणायची. राहिलेलं शिजणं तेवढ्यात पुरं होतं. "भात तुमचाच आहे, मी फक्त वाफ आणली," असं म्हणालात. लेकीनं पातेलं चाटून पुसून खाल्लं.

खरं काय ते मला आठवड्यानं समजलं. डबा द्यायला वर आलो होतो, काका जेवत होते. सहज बोलता बोलता ते म्हणाले, "त्या दिवशी तुमचा भात आला होता ना, त्या दिवशी आमच्याकडेच कालचा भात होता. मी दोन दिवस भातच खाल्ला." तुम्ही स्वयंपाकघरातून त्यांच्याकडे असं काही पाहिलंत की ते गप्प बसले आणि ताकाचा पेला उचलला. मीही ऐकलं नाही असं दाखवलं. आज सांगतो, ऐकलं होतं.

भोपळ्याची गोष्ट त्याच्या नंतरची. "कोहळं आहे का घरी?" तुम्ही विचारलंत. मी नाही म्हणालो. आमच्याकडे कोहळा म्हणजे पांढरा, पेठ्याचा. तुम्ही ओट्याखाली बोट दाखवलंत, "मग हे काय आहे?" तुमचं कोहळं म्हणजे आमचा लाल भोपळा, आणि तळमजल्यावरच्या गोव्याच्या ताईंची दुदी. एका जिन्यावर एका फळाची तीन नावं. तो भोपळा मी रोज बघत होतो आणि रोज पुढे जात होतो. एवढं मोठं कुठून कापायचं, कापलं तर संपवायचं कसं, हे कळत नव्हतं. तुम्ही सुरी काढलीत आणि माझ्या हातात दिलीत. "पहिला वार तुम्ही करा. आमच्यात बाया अख्खं कोहळं चिरत नाहीत." ही रीत आमच्या आजीच्या घरीही होती, आजोबा किंवा एखादा पोरगा पहिली चीर द्यायचा, पण मी ती विसरून गेलो होतो. सुरी अडकली तेव्हा तुम्ही ती माझ्याकडून घेतली नाहीत. सुरीसकट भोपळा ओट्यावर आपटा एवढंच सांगितलंत. फाट्कन दोन भाग झाले आणि आतला केशरी रंग बघून पलंगावरून बायको म्हणाली, "माझ्या भावाचा भोपळा आहे तो, गोडच असणार."

पुढचे आठ दिवस आम्ही त्या भोपळ्यावर जेवलो, आणि एकही जेवण आदल्या दिवशीसारखं नव्हतं. थोडा भाग तुम्ही तळमजल्यावर आणि समोरच्या घरी पाठवायला लावलात. माझ्याच हातानं. आतली बियांची जाळी आधी काढायची, कारण चिरलेल्या फोडीत सगळ्यात आधी तीच खराब होते. बिया धुऊन खिडकीत वाळवल्या, लेक दुपारी सोलत बसायची. पहिल्या दिवशी साधी भाजी. फोडणीत मेथीचे दाणे, सुकी मिरची, फोडी सालासकट. साल ठेवलं की फोड मोडत नाही. पाणी घालायचं नाही, झाकणावर पाणी ठेवायचं, भोपळ्याला स्वतःचं पाणी सुटतं. शेवटी गुळाचा खडा आणि मूठभर दाण्याचं कूट. दुसऱ्या दिवशी उरलेली भाजी कुस्करून ज्वारीच्या पिठात कालवली, कांदा-कोथिंबीर घालून थालीपीठं. तिसऱ्या दिवशी आदल्या रात्रीचं वरण पातळ करून त्यात भोपळ्याच्या फोडी आणि कणकेच्या चकोल्या. ताटात तुपाची धार पडली तेव्हा बायको पलंगावर टेकून बसून जेवली, झोपून नाही. मला तो दिवस चकोल्यांचा दिवस म्हणून आठवतो.

शिळ्या पोळ्यांचा कुस्करा तुम्हीच शिकवलात. उकडलेल्या भोपळ्याचं दह्यातलं भरीत, वर जिरं आणि हिरव्या मिरचीची फोडणी, तेही तुम्हीच. सालं तव्यावर तेलात खरपूस परतून तीळ आणि सुक्या खोबऱ्याबरोबर वाटली, ती चटणी डब्यात नेली तर ऑफिसमधल्या दोघांनी रीत विचारली. मी रीत सांगितली. मी!

रविवारी मात्र वाद झाला. बायकोला घारगे हवे होते आणि तुम्हाला बोंडं. किसलेला भोपळा गुळात शिजवून गार करायचा इथपर्यंत दोघींचं एकमत होतं. पुढे तिच्या घरी मावेल तेवढी कणीक घालून घट्ट मळायचं आणि जाडसर लाटून तळायचं, तुमच्या घरी पीठ सैल ठेवून हातानं कढईत सोडायचं. शेवटी निम्मे घारगे, निम्मी बोंडं झाली. याच बिडाच्या कढईत. लेकीनं मधेच सांगितलं की भोपळ्याच्या या रंगात बीटा कॅरोटीन असतं, शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं आणि त्यासाठी थोडं तेल-तूप लागतंच. तुम्ही म्हणालात, "मग तर अजून एक घे." पलंगावरून हसण्याचा आवाज आला. कित्येक आठवड्यांत मी तो ऐकला नव्हता.

मागे कुठेतरी वाचलं होतं, भोपळा आणि मिरची दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. इतक्या लांबून आलेलं हे फळ आज आपल्या श्राद्धाच्या पानात मानानं बसतं. तुम्ही यवतमाळहून डोंबिवलीत आलात त्याला तीस वर्षं झाली, तरी या इमारतीतले काहीजण अजून तुम्हाला "त्या नागपूरकडच्या" म्हणतात. मला हे आता सहन होत नाही, आणि पुढच्या वेळी कुणी म्हटलं तर मी गप्प बसणार नाही.

काकू, माझ्या लहानपणी चाळीत आई सारखी काहीतरी उसनं मागायची. साखर, विरजण, चार लसणाच्या पाकळ्या. मला त्याची लाज वाटायची. आता कळतं, विरजण मागायला शेजारी जाणारी बाई शेजारणीला सांगत असते की तुझ्याशिवाय माझं दही लागणार नाही. हल्ली दहा मिनिटांत घरी सामान येतं, कुणी कुणाकडे काही मागत नाही, आणि मग अडचणीच्या वेळी मागायची सवयच राहिलेली नसते. ज्यांनी "सांगा" म्हटलं ते वाईट होते असं मी म्हणत नाही. पण त्यांनी पहिलं पाऊल माझ्यावर सोपवलं. तुम्ही स्वतः जिना उतरून आलात आणि वर माझ्याकडेच मागितलंत. माणसाला मदत करताना त्याची मान खाली जाणार नाही याची इतकी काळजी घेणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. आमच्या आजीनं पंगतीत वाढताना हे केलेलं आठवतं. गरीब पाहुण्याच्या पानात ती न विचारता वाढायची, म्हणजे त्याला पुन्हा मागावं लागू नये. तुमच्यात ते रक्तात आहे की तुम्हीही कधी कुणाच्या दारात उभ्या होतात, हे मी विचारलेलं नाही. सांगावंसं वाटलं तर सांगा.

डॉक्टरांनी तिला आता दिवसातून तासभर ओट्याशी उभं राहायला परवानगी दिलीय. उभी राहते आणि मला सूचना देते. स्वयंपाक अजून मीच करतो, पोळ्या सोडून. तुमचा नियम भिंतीवर लिहून लावलाय लेकीनं, "उरलेलं उद्याचं, परवाचं नाही." भात झाकून बाहेर राहू देत नाही, गार झाला की लगेच फ्रिजमध्ये. मेहुण्याला फोन केला होता, पुढच्या आठवड्यात तो दोन भोपळे घेऊन येतोय. एक तुमचा. पहिला वार करायला मी वर येईन.

आणि आज रात्री मी मुद्दाम दोन वाट्या तांदूळ जास्त धुतलेत. सकाळी लेक डबा घेऊन वर येईल. काकांना सांगा, या वेळी कणी राहिलेली नाही.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा भाऊ